कान पुढे, हात मागे

पन्नाशीत पहिल्यांदा वाद्य हातात घेतलेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुधा एकच प्रश्न घेऊन: “आता या वयात जमेल का, की उगाच हौस?” ज्या बाईंबद्दल लिहिते आहे त्यांचाही तोच होता. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई शाळेत गणित शिकवतात, राहतात ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जुन्या वाड्यात. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि लहानपणापासून मनात असलेली सतार अखेर घरात आली. शिकवणी लागली. सहा महिन्यांनी त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. “ताई, फार वाईट वाजवते हो मी. बोटं वळतच नाहीत. हे आतून विचारतात, ‘झालं का सुरू?’ आता घरात कुणी नसलं तरच गवसणी काढते. सोडून देऊ का?”

बोलता बोलता त्यांनी डाव्या तर्जनीचं टोक पुढे केलं. तारेची काळसर रेघ उमटलेली, तिच्या दोन्ही बाजूंची कातडी जाड होत चाललेली. रोज बसल्याशिवाय असा घट्टा पडत नाही. म्हणजे कष्टात कसूर नव्हती.

मी रेकॉर्डिंग मागितलं. बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी मोबाइलवर लावलं. यमनातली मसीतखानी गत, म्हणजे सतारीवरची संथ लयीतली बांधलेली रचना. बाराव्या मात्रेवरून ‘दिर दा दिर दा रा’ असं उठून समेवर यायचं. सुरुवात चांगली होती, लय संथ, मिजराबाचा, म्हणजे बोटातल्या तारेच्या नखीचा, आघात स्वच्छ. पुढे तीव्र मध्यमाच्या पडद्यावर बोट जरा घसरलं. लगेच “च्च!” असा आवाज आणि गत पुन्हा पहिल्यापासून. परत तिथेच बोट घसरलं, परत पहिल्यापासून. रेकॉर्डिंग संपलं तरी त्या रचनेचा उत्तरार्ध काही आला नाही.

“वर्गात एखाद्या मुलाचं गणित चौथ्या पायरीला चुकलं, तर तुम्ही काय करता?” मी विचारलं.

“ती पायरी दाखवते.”

“अख्खं गणित पुसून पहिल्यापासून नाही करायला लावत?”

“छे! पहिल्या तीन पायऱ्या त्याला येतायत की.” एवढं बोलून त्या गप्प झाल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, “मला सुरुवातच येते फक्त. पुढचं मी वाजवलंयच कुठे?”

पण चूक कानावर पडताच हात थांबत का होता, हे कळायला त्यांचं बालपण ऐकावं लागलं. वडील माधव संगीत महाविद्यालयात गाणं शिकलेले. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या काळात, संगीतशास्त्री भातखंड्यांच्या पुढाकाराने 1918 साली सुरू झालेली ही संस्था इथल्या कितीतरी मराठी घरांच्या ओळखीची. डिसेंबरात तानसेन समारोह आला की वडील लेकीला शालीत गुंडाळून हजिऱ्याला, तानसेनांच्या समाधीपाशी, न्यायचे, आणि घरी परतताना कुणाचा निषाद उतरला होता यावर बोलणं चालायचं. अशा घरात वाढलेल्या माणसाचा कान चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा मुरलेला असतो. हात मात्र सहा महिन्यांचा. बेसूर सूर त्यांना लगेच कळतो आणि तो दुरुस्त करण्याची ताकद बोटात अजून आलेली नसते. या दोहोंमधल्या अंतराला त्या ‘माझ्यात नाहीच’ असं म्हणत होत्या. खरं तर ज्याला ऐकू येत नाही त्याला हा त्रास होत नाही. त्यांचा त्रास हीच त्यांची पुंजी होती, आणि हे मी त्यांना अगदी मनापासून सांगितलं.

त्यात रोज रात्री त्या आधी विलायत खाँसाहेबांची सतार ऐकायच्या आणि लगेच आपलं रेकॉर्डिंग. सतारियांच्या घराण्यात जन्मून लहानपणापासून घडलेला तो हात. एका पडद्यावर तार खेचून गळ्यासारखी मींड काढणारा. त्याच्याशेजारी आपली सहा महिन्यांची गत ठेवली तर कुणालाही रडू येईल. खाँसाहेबांना जरूर ऐका, पण सकाळी, चहाबरोबर, नुसत्या आनंदासाठी, असं मी सुचवलं.

वयाबद्दल मी गोड बोलत नाही. बावन्नाव्या वर्षी सुरुवात करून मैफलीचा कलाकार होण्याची आशा मी कुणाला लावणार नाही. बोटांचा वेग लहान मुलापेक्षा उशिरा येतो, हेही खरं. पण आपल्या संगीतात सूर ओळखायचा तो आपण धरलेल्या षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, आधाराने, आणि ती ओळख कुठल्याही वयात वाढते. शिवाय हाताने शिकलेलं झोपेत पक्कं होत जातं, म्हणून रविवारी दोन तास ओढून काढण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं जास्त फळतात. टोकं दुखणं हे सुरुवातीचं दुखणं आहे, ते सरतं. मनगट किंवा कोपर दुखू लागलं, बोटांना मुंग्या आल्या, तर मात्र वाद्य खाली ठेवायचं, गुरूंना बैठक दाखवायची आणि तरीही थांबलं नाही तर डॉक्टर गाठायचा.

ठरलं ते एवढंच. चूक झाली तर दोन सूर मागे जायचं, पहिल्यापासून सुरू करायचं नाही. आठवड्यातून एकदा, कितीही चुकलं तरी, गत शेवटपर्यंत न्यायची. बोट घसरतं तो तुकडा निम्म्या लयीत वेगळा घोटायचा. रेकॉर्डिंग महिन्यातून एकदाच, आणि तुलना फक्त मागच्या महिन्याच्या आपल्याच वाजवण्याशी.

यजमानांशीही बोलले. त्यांना धक्काच बसला. “अहो, ती थट्टा होती! तिला इतकं लागतंय हे कधी जाणवलंच नाही.” मी त्यांना कौतुक करायला सांगितलं नाही. खोटं कौतुक त्या बाईंच्या कानाने तेव्हाच पकडलं असतं. रियाजाच्या वेळी काही बोलू नका आणि दार उघडं राहू द्या, इतकंच मागितलं. माझ्या अनुभवात घरातल्यांची एवढी मदत पुष्कळ असते. नवशिक्याला सर्वांत जड जातं ते कुणाच्या तरी कानावर आपलं कच्चं वाजवणं पडू देणं.

पहिले दोन आठवडे त्यांना जास्तच वाईट वाटलं, कारण आता चुका शेवटपर्यंत ऐकाव्या लागत होत्या. फोनवर म्हणाल्या, “पूर्वी निदान सुरुवात तरी छान वाजायची.” मी त्यांना थांबू दिलं नाही. हळूहळू तीव्र मध्यम जागेवर आला आणि मग कधीतरी अख्खी गत सलग वाजली. त्या दिवशी सासूबाई दाराशी पाट घेऊन बसल्या होत्या, आणि बाईंच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

सतार सोडण्याचा विषय मागे पडला आहे. गुरुजींनी अंतरा सुरू केला आहे. तार षड्जाकडे जाताना हात अजून अडतो. कुठे आणि का अडतो ते आता त्या नेमकं सांगतात आणि तेवढंच घोटत बसतात.