रस्त्यावरचा कुत्रा घरात रुळताना: वाचकांचे प्रश्न

बाजारातून, बंदरावरून उचललेला किंवा कुणीतरी सोडून दिलेला कुत्रा घरी आणला, आता पुढे काय, असं विचारणारी पत्रं अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडून आली आहेत. पुष्कळांना पडणारे प्रश्न त्यातून निवडले आहेत.

प्रश्न (गुहागर): बाजारात जखमी सापडलेली दोनेक वर्षांची कुत्री चार दिवसांपूर्वी घरी आणली. जखम भरत आली आहे, पण ती कोठीच्या खोलीत कणगीमागे जाऊन बसते. आमच्यासमोर खात नाही, हाक मारली तर आणखी आत सरकते. घरातले सगळे तिला कुरवाळून धीर देतात. आमचं काही चुकतंय का?

उत्तर: कुरवाळणं तेवढं थांबवा, बाकी ठीक आहे. चार दिवस फारच थोडे झाले. घर, वास, माणसं, आवाज सगळंच नवीन असताना ती कोपरा शोधते, कारण तिथे पाठीमागून कुणी येत नाही. त्याच कोपऱ्यात जुनं गोणपाट घाला, हाताच्या अंतरावर पाणी ठेवा आणि ती जागा तिची म्हणून सोडून द्या. तिथे हात घालून तिला बाहेर ओढलं तर लपायला जागाच उरली नाही असं तिला वाटेल, आणि मग ती चावेल.

दिवसातून दोन-तीन वेळा घरातल्या एकाच माणसाने तिच्यापासून पाच-सहा फुटांवर जमिनीवर बसावं. तोंड तिच्याकडे करू नये, अंग वळवून बसावं आणि नजर दुसरीकडे ठेवावी. उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीच्या काळजाचा वाटाण्याएवढा तुकडा तिच्या पुढ्यात टाकावा आणि दहा मिनिटांनी उठून जावं. हाक मारू नये, हात पुढे करू नये. तुम्ही असताना तिने तुकडा खाल्ला की पुढच्या खेपेला अर्धा फूट जवळ बसा. ती आपणहून येऊन हुंगेल तेव्हा हात तसाच ठेवा. पहिला स्पर्श छातीला किंवा मानेच्या बाजूला करा, डोक्यावरून कधीच नको.

जेवण सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी ठेवा आणि वीस मिनिटांनी उचला. पाणी पीत असेल तर मोठा कुत्रा एक-दोन दिवस जेवला नाही तरी घाबरू नका. मात्र ती हात लावू देत असेल तर हिरडी रोज बघा. बोटाने दाबून सोडली की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. त्याहून वेळ लागला, हिरडी फिकट किंवा चिकट वाटली, उलट्या किंवा रक्ताचे जुलाब झाले, किंवा दिवसभर पाणीच घेतलं नाही, तर डॉक्टरांकडे न्या. पिल्लू असेल तर अर्धा दिवसही वाट पाहू नका. पिल्लांना होणारा पार्व्हो हा उलट्या-जुलाबांचा संसर्ग फार झपाट्याने वाढतो.

कुत्रे हरवतात ते बहुधा पहिल्या पंधरवड्यातच. घाबरलेला कुत्रा मागे सरकतो, मान आखडतो आणि गळपट्ट्यातून निसटतो. म्हणून बाहेर नेताना गळपट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही घाला आणि दोन्हींना दोरी लावा. पट्ट्याखाली जेमतेम दोन बोटं शिरावीत, आणि त्यावर फोन नंबर पक्क्या शाईने लिहावा. पहाटे आणि रात्री गडगा-कुंपणाच्या आतच फिरवा. निसटली तर मागे धावू नका. खाली बसा, पाठ वळवा आणि खाऊ टाकत घराकडे सरका.

पहिले काही दिवस धास्तीचे, तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम कळतो आणि खरा स्वभाव दिसायला तीन महिने लागतात, असा साधारण हिशेब आहे. आज गप्प असलेली कुत्री महिन्याभराने भुंकायला, चपला चावायला लागली तर ती बिघडली असं समजू नका. तिची भीती कमी झाली आहे.

प्रश्न (देवगड): आठ महिन्यांचा कुत्रा आहे, वजन बारा किलो. जेवताना जवळ गेलं की गुरगुरतो. आजोबांचं म्हणणं, ताटली काढून घेत जा, म्हणजे मालक कोण ते त्याला कळेल. परवा तसं करताना धाकट्याच्या हाताला दात लागला. रक्त नाही, ओरखडा आहे.

उत्तर: आधी मुलाचं बघा. ओरखडा वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचा असतो. परवा धुतला नसेल तर आत्ता धुवा आणि आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. रेबीजची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. रक्त आलं नाही तरी ओरखडा धोक्यातच मोडतो. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. कुत्र्याला लस दिलेली असली तरी मुलाच्या लशीचा निर्णय डॉक्टरांनाच घेऊ द्या. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवा, सोडून देऊ नका.

आता ताटलीचं. आजोबांचा उपाय उलटा पडतो. उपाशी दिवस काढलेल्या कुत्र्याला भीती असते ती अन्न जाण्याची. प्रत्येक वेळी ते काढून घेतलं की त्याची भीती खरी ठरते. गुरगुरण्याबद्दल मारलं तर तो गुरगुरणं सोडतो आणि थेट चावतो. गुरगुर ही सूचना आहे, ती त्याला देऊ द्या.

जेवण वर्दळीपासून दूर द्या. मुलांना तिथे मज्जाव. मोठ्या माणसाने त्याचं अंग ताठत नाही इतक्या अंतरावरून जाता-जाता ताटलीकडे कोंबडीचा तुकडा टाकावा आणि न थांबता पुढे जावं. तीन-चार दिवस रोज एवढंच. तुम्ही दिसल्यावर तो मान वर करून शेपूट हलवायला लागला की एक पाऊल जवळ या. खाणं थांबवून तो गोठला, ओठ चाटू लागला किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर दोन पावलं मागे. तोंडात चप्पल धरली असेल तर हिसकावू नका, तिच्या बदल्यात त्याहून चांगलं काही द्या.

पोटभर मिळतं का तेही पाहा. पुष्कळ घरांत कुत्र्याला उरलेला भात आणि माशाचं पाणी मिळतं, त्यात मांस नावालाच असतं. बारा किलोच्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला शिजलेला भात सुमारे 200 ग्रॅम, हाडं-काटे काढलेली कोंबडी किंवा मासा 250 ग्रॅम, वाटीभर उकडलेला भोपळा, चमचाभर तेल आणि अंड्याच्या कवचाची बारीक पूड अर्धा चहाचा चमचा, हे दोन वेळांत विभागून द्या. तुमचा वाढीचा आहे, त्याला यापेक्षा थोडं जास्त आणि तीन वेळा. बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, या अंदाजाने कमी-जास्त करा. कांदा, लसूण आणि फोडणीचं कालवण बंद. सुकटीत मीठ फार असतं. शिजलेली हाडं फुटून टोकदार होतात. आणि आंब्याची बाठ आतड्यात अडकली की शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसतं, म्हणून मे महिन्यात बाठा उकिरड्यावर उघड्या टाकू नका.

प्रश्न (लांजा): दत्तक घेतलेला कुत्रा माणसांशी गुणी आहे, पण त्याने एक कोंबडी मारली. मेलेली कोंबडी गळ्यात बांधली की सवय जाते, असं गावात सांगतात.

उत्तर: ते करू नका. गळ्यात कुजणारं मांस बांधल्याने पाठलाग आणि शिक्षा यांचा संबंध त्याला लागत नाही, जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो. पळणारी वस्तू पाहिली की धावणं त्याच्या अंगातच आहे. तुम्हाला शिकवायचंय ते एवढंच, की कोंबडी दिसली तर माणसाकडे बघायचं.

पंधरा फुटांची दोरी हार्नेसला लावा, गळपट्ट्याला नको. धावत सुटला तर मानेला हिसका बसतो. कोंबड्या खुराड्यात किंवा जाळीआड असताना इतक्या लांब उभे राहा, की त्या त्याला दिसतील पण तो तुमच्या हातचा तुकडाही खाईल. खात नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. त्याने कोंबडीकडे पाहिलं की नाव घ्या, वळला की तुकडा द्या. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. अंतर एकेका पावलाने कमी करा. कोंबड्या मोकळ्या सोडून हाच सराव करायला काही आठवडे लागतील, आणि तेव्हाही दोरी जमिनीवर लोळती असू द्या.

तोवर दोघांच्या वेळा वेगळ्या ठेवा. कोंबड्या बाहेर असताना कुत्रा आत. जाळीखालून तो उकरतो, म्हणून तळाशी जांभ्याचे चिरे लावा. काही कुत्रे कोंबड्यांच्या बाबतीत आयुष्यभर भरवशाचे होत नाहीत. तुमचा तसा निघाला तर कायमचं कुंपण घाला, त्याला घराबाहेर काढू नका.

प्रश्न (सावंतवाडी): पहिलाच पावसाळा येतोय. कुत्रा पडवीत असतो, दिवसा शेतात येतो. काय तयारी करू?

उत्तर: लसीकरण मे महिन्यातच उरका. रेबीजच्या जोडीने लेप्टोची लस असलेलं मिश्र इंजेक्शन मागून घ्या. पूर्वी कधीच घेतलं नसेल तर तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, पुढे दरवर्षी एक. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून लेप्टो कुत्र्यालाही होतो आणि त्याच्या मुतातून माणसापर्यंत पोहोचू शकतो. लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही, म्हणून ताप, उलट्या, पिवळे डोळे, मुताचं प्रमाण अचानक बदलणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्याचं मूत साफ करताना हातमोजे घाला. जंताचं औषध आणताक्षणी एकदा, पंधरा दिवसांनी पुन्हा, नंतर दर तीन महिन्यांनी.

गोचिडांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवा. मसुराएवढी गाठ लागली तर केस बाजूला करा. चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका, आणि साबणाच्या पाण्यात टाका. काडीने चटका देऊ नका, रॉकेलही लावू नका. चटक्याने ती आपल्या पोटातलं जखमेत ओकू शकते. गोठ्यात फवारायचं औषध कुत्र्याला मारायचा मोह टाळा. गुरांचं प्रमाण कुत्र्याला विषारी ठरतं, तो अंग चाटतो तेव्हा तर अधिकच. वजनाप्रमाणे गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांकडूनच घ्या. खाणं सुटणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, चहासारखी लघवी ही गोचीडतापाची लक्षणं. रक्त तपासल्याशिवाय औषध सुरू करू नका, कारण दोन प्रकारच्या गोचीडतापांवर दोन वेगळी औषधं आहेत. तुमच्या आणि दोडामार्गच्या भागात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तोही गोचिडांतूनच पसरतो आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत जोरात असतो. जंगलात जाऊन आलेल्या कुत्र्याला त्या दिवसांत अंथरुणात घेऊ नका.

बसायला चार चिऱ्यांवर फळी टाका, जमिनीपासून सहा इंच उंच. गोणपाटं दोन ठेवा, एक वापरात, एक चुलीजवळ वाळत. शेतातून आला की पाय साध्या पाण्याने धुऊन बोटांमधला ओलावा जुन्या सुती कपड्याने टिपा. तिथली कातडी लाल झाली आणि आंबूस वास आला तर बुरशी समजा.

प्रश्न (मालवण): रात्री पडवीत साखळीने बांधला तर चालेल?

उत्तर: नाही. बिबट्याला साखळीचा कुत्रा आयता मिळतो, त्याला पळताही येत नाही. काळोख पडायच्या आत घरात किंवा दार बंद होणाऱ्या खोलीत घ्या. दिवसाही सतत बांधून ठेवलेला कुत्रा चिडका होतो.

प्रश्न (अलिबाग): किनाऱ्यावर मोकळा सोडला की जे दिसेल ते तोंडात घालतो.

उत्तर: मग मोकळा सोडू नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाल्यावर वाळूवर पडलेला केंड मासा विषारी असतो, आणि वाळला तरी विष जात नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळात किंवा काही तासांत लाळ, झोकांड्या, मागच्या पायांतली ताकद जाणं आणि श्वासाचा त्रास सुरू होतो. त्यावर उतारा नाही, श्वास चालू ठेवणं एवढाच उपचार. म्हणून खाताना पाहिलात की लक्षणांची वाट न पाहता निघा. मीठपाणी पाजून उलटी करायला जाऊ नका. गळाची तंगूस तोंडातून लोंबत असेल तर ओढू नका, तोंडाजवळ कापूही नका. तिच्या टोकाशी गळ असतो, तो कुठे अडकलाय ते डॉक्टर तपासतील. सोबत गोडं पाणी न्या, समुद्राचं प्यायला तर जुलाब होतात. जाळीचं मुसकं घातलं तर कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणीही पिता येतं. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात. तिथे फिरायला नेलंत तर दोरी हातातून सोडूच नका.

प्रश्न (राजापूर): गणपतीला चाकरमानी येणार, घरात पंधरा-वीस माणसं. कुत्रा दोन महिन्यांपूर्वी आणलाय, फटाक्यांना घाबरतो.

उत्तर: तयारी तीन आठवडे आधी सुरू करा. मागची एक खोली त्याची ठरवा, खिडकीला जाड चादर लावा. रोज तिथे त्याला काही चघळायला देऊन पाच मिनिटं दार लावा, हळूहळू अर्ध्या तासापर्यंत न्या. आरती, ढोलकी आणि झांजांचं ध्वनिमुद्रण मोबाईलवर ऐकू येईल न येईल इतक्या आवाजात जेवणाच्या वेळी लावा. तो जेवायचा थांबला तर आवाज कमी करा. भीती फार असेल तर डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्या आणि एखाद्या शांत दिवशी देऊन बघा. ती आवाज सुरू व्हायच्या आधी द्यायची असते, थरथर सुरू झाल्यावर नाही. माणसांची गोळी देऊ नका.

पाहुण्यांना दारातच सांगा, त्याच्याकडे बघू नका, हाक मारू नका, तो येईल तेव्हा येऊ दे. मुलांना तर दोनदा सांगा. सारणात बेदाणे असलेला मोदक त्याला बिलकूल देऊ नका, द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आरतीला आणि विसर्जनाला निघताना तो खोलीतच हवा, कारण त्या गडबडीत फाटक उघडंच राहतं. त्यात भाद्रपद म्हणजे कुत्र्यांच्या माजाचे दिवस. नसबंदी झालेली नसेल तर तो संधी मिळताच निघेल, म्हणून शस्त्रक्रिया गणपतीच्या किमान तीन आठवडे आधी उरका. शिमग्याला पालखी अंगणात येते तेव्हाही हीच खोली वापरा. ढोल वाडीच्या टोकाला ऐकू यायच्या आधीच त्याला आत घ्या.