हरणाच्या शिकारीत तांब्याची गोळी: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत मी अठरा वर्षं होतो. तिथे परवाना काढून हरणाची शिकार केली, काडतुसंही घरीच भरली. मागच्या लेखात त्याबद्दल लिहिल्यावर बरेच प्रश्न आले. सोलापुरातल्या कितीतरी घरांतली मुलं आज तिकडे आहेत, त्यामुळे प्रश्न थेट घरातलेच आहेत. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे खाली गोळीबद्दल जे सांगतोय ते तिकडे राहणाऱ्यांसाठी.

मुलगा मिनेसोटात असतो. दर नोव्हेंबरला मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जातो आणि वर्षभराचा खिमा फ्रीजरमध्ये भरून ठेवतो. सुनेला पाचवा महिना लागलाय. तिने खाल्लं तर चालेल का? – एक आई, जुळे सोलापूर

ताई, आजच फोन करा आणि विचारा: गोळी कशाची होती, आणि खिमा कुठे दळला? शिशाची असेल तर सुनेने त्या खिम्याला हात लावू नये. घरात लहान मूल असेल तर त्यालाही देऊ नका.

शिशाची गोळी वेगात अंगात शिरली, त्यातून हाडाला लागली, की तिचे बारीक बारीक तुकडे उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली येत नाहीत. एक्स-रे काढला की मात्र रांगोळीची चिमूट उधळावी तसे पांढरे ठिपके दिसतात, जखमेपासून फूटभर लांबही. म्हणून ‘जखमेभोवतीचं मांस कापून टाकलंय’ हे उत्तर पुरेसं नाही. मांस पाण्याने धुतलं तर कण निघून जाण्याऐवजी उलट पसरतात. खिम्याचा धोका जास्त, कारण एका जागचे कण दळताना सगळीकडे मिसळतात. खाटकाकडून दळून आणला असेल तर दुसऱ्याच्या हरणाचे कणही त्यात येऊ शकतात.

२००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं सापडलं आणि तिथल्या आरोग्य खात्याने तो टाकून द्यायला सांगितला. पुढे ७३८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडं जास्त भरलं. फरक लहान होता. पण पोटातल्या बाळाला इतकं शिसं चालतं, अशी सुरक्षित मर्यादाच नाही.

पहिली सहा वर्षं मीही माझ्या मुलीला तेच मांस खाऊ घातलं. माहीत नव्हतं. आजही ती गोष्ट मनाला टोचते, म्हणून तुमच्या पत्राला सगळ्यात आधी उत्तर दिलं. मुलाने तांब्याची गोळी वापरली असेल आणि खिमा घरीच दळला असेल तर ही काळजी नाही. मांस मात्र नीट शिजवूनच खायचं.

तांब्याच्या भांड्याला आपण कल्हई करतो, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. मग तांब्याची गोळी विषारी कशी नाही? – एक वाचक, मंगळवार पेठ

प्रश्न रास्त आहे. ताक किंवा चिंचेचं सार तांब्याच्या पातेल्यात तासन्‌तास राहिलं तर आंबटात तांबं उतरतं, आणि तेवढं पोटात गेलं तर उलट्या होतात. गोळीचं तसं नाही. ती मांसात क्षणभर असते, तुकडे होत नाहीत, आणि बहुतेक वेळा आरपार निघून जाते. शिवाय तांबं शरीराला थोडं लागतंच, जास्तीचं यकृत बाहेर टाकतं. शिशाचा शरीराला काडीचाही उपयोग नाही आणि ते हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं.

मी विस्कॉन्सिनमध्ये असतो, मूळचा अक्कलकोट रोडचा. .३०८ रायफल आहे, आतापर्यंत १८० ग्रेन वजनाची शिशाची गोळी भरत आलो. आता तांब्याची भरायचीय. तेवढ्याच वजनाची घेऊ का?

नको. हीच चूक मी केली होती. शंभर यार्डांवर दीड इंचात बसणाऱ्या गोळ्या सहा इंचांत विखुरल्या. मी दुर्बिणीचे स्क्रू आवळत बसलो, दोष होता गोळीच्या लांबीत.

शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६. वजन तेवढंच ठेवलं की तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर ठेवायला नळीतल्या आट्यांचा, म्हणजे आतल्या वळणदार खाचांचा, पीळ जास्त लागतो. माझ्या जुन्या नळीत बारा इंचांत एक फेरा होता, तो कमी पडला. तुमच्या नळीवर किंवा माहितीपत्रकात पीळ लिहिलेला असतो, तो आधी बघा.

वजन उतरवा. हरणासाठी .३०८ मध्ये १३० ते १५० ग्रेन भरपूर झालं. शिशाच्या गोळीचं वजन आत गेल्यावर घटतं, म्हणून लोक जड गोळी घ्यायचे. तांब्याची गोळी जवळजवळ सगळं वजन टिकवते, त्यामुळे हलकी असूनही खोल जाते. हलकीला वेग जास्त मिळतो, आणि तांब्याला वेगच हवा. टोकाची पोकळी उघडून चार पाकळ्या मागे वळण्यासाठी, गोळीप्रमाणे थोडा फरक पडतो, पण लागताना सेकंदाला साधारण १,८०० ते २,००० फूट वेग लागतो. त्याखाली ती पेन्सिलीसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन तडफडत राहतं. म्हणून कंपनीने दिलेला किमान वेग बघा, तो किती यार्डांपर्यंत टिकतो ते काढा आणि त्यापलीकडे नेम धरूच नका.

भरण्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. शिशाच्या गोळीचं पावडरचं माप तांब्याच्या गोळीला कधीही लावू नका. लांब गोळी पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्यात, जास्त खोल बसते, पावडरची जागा कमी होते, आणि तांबं आट्यांत सहज दबत नाही. दोन्हींनी दाब वाढतो. नेमकी तीच गोळी आणि तीच पावडर ज्या तक्त्यात आहे तोच वापरा, सर्वांत कमी मापापासून सुरुवात करा. मित्राने सांगितलेलं माप मित्राच्याच रायफलसाठी. गोळी आट्यांना टेकवूही नका. बार्न्ससारख्या कंपन्या ०.०५० इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटर अंतरापासून सुरुवात करायला सांगतात, आणि बऱ्याच नळ्यांत नेम तिथेच जमतो.

पहिली फेरी मारण्याआधी नळी तांबं काढणाऱ्या द्रावणाने, फडक्यावर निळा डाग येणं थांबेपर्यंत पुसा.

हरणाची आतडी जंगलातच टाकतात म्हणे. ती खाणाऱ्या पक्ष्यांचं काय होतं? – पक्षीनिरीक्षक, होटगी रोड

तेच, जे आपल्या गिधाडांचं झालं. फक्त विष वेगळं. आपल्याकडे मेलेल्या जनावरांतल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडं संपत आली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तिकडे कॅलिफोर्नियाचं काँडोर गिधाड १९८२ मध्ये अवघं बावीसवर आलं होतं. पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडलं, तरी आजही त्याला सर्वाधिक मारतं ते शिसंच. आतड्यांतले शिशाचे कण त्याच्या पोटातल्या तेजाबात विरघळतात. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी चालत नाही.

नान्नजजवळ शेती आहे. काळवीट ज्वारी खातात. परवानगी मिळाली तर तांब्याची गोळी चालेल का? – एक शेतकरी

दादा, नुकसान खरं आहे. कोवळं पीक एका रात्रीत खुरटं झालेलं मीही पाहिलंय. पण काळवीट १९७२च्या कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे. मारलं तर तीन ते सात वर्षं कैद, गोळी कशाचीही असो. पिकाचे फोटो काढा, वनविभागाला लगेच कळवून पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज त्याच दिवशी द्या. उशीर झाला की खुरांच्या खुणा पुसल्या जातात आणि अर्ज अडतो.

मुलाने पहिल्या हरणाची उमललेली गोळी आठवण म्हणून ठेवलीय. दिवाळीला येताना आणू का, विचारतोय. – एक वडील, सोलापूर

आणू नये. विमानतळावर सामानात काडतूस किंवा रिकामी पुंगळी सापडली तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. मग गोळी एकटीच होती हे समजावण्यात सुट्टी जाईल. फोटो पाठवायला सांगा, शेजारी नाणं ठेवून. पाकळ्या किती उमलल्यात ते नीट दिसेल.