तात्यांच्या चपला

“मॅडम, मी त्यांच्या चपला लपवल्या.”

पन्नाशीची बाई माझ्यासमोर बसून हे सांगत होती आणि सांगता सांगता ओशाळत होती. गाव रत्नागिरीजवळचं; ओळख पटेल अशा खुणा मी बदलल्या आहेत. घरात ती आणि ७८ वर्षांचे सासरे, नवरा मुंबईला नोकरीला. एप्रिल महिना, हापूस काढणीला आलेला, आणि तात्या रोज दुपारी एकच्या सुमारास सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरच्या, बागेत निघायचे. नवऱ्याचा फोन नेमका तेव्हाच. “तात्या कुठेत?” बागेत म्हटलं की, “तू घरात असताना गेलेच कसे?” एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या मैदानात सरकारी सोहळ्याला आलेली माणसं उन्हाने दगावली, तेव्हापासून त्याने धसका घेतलेला. दोघांच्या मध्ये ही भरडली जात होती.

चपला नाहीत म्हणून तात्या काही थांबले नाहीत. अनवाणी गेले. दुपारचा कातळ तव्यासारखा तापलेला, आणि जुन्या मधुमेहाने पावलं बधिर, त्यामुळे चटका बसतोय हेच त्यांना कळलं नाही. संध्याकाळी पाय धुताना हिने पाहिलं, दोन्ही तळव्यांना फोड आले होते. डाव्या पायाचा एक फुटून त्यात माती गेलेली.

“घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उन्हात जाण्यापासून अडवायचं कसं?” मार्च ते मे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. या घराला मी दिलेलं पहिलं उत्तर चुकलं, तेही सांगते. अकरा ते चार बाहेर पडायचं नाही, असा नियम मी तिला कागदावर लिहून दिला. मुलाने तो फोनवर वाचून दाखवला, तात्या “बरं” म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून मागीलदाराने न सांगता जायला लागले. पूर्वी निदान माणूस कुठे आहे ते ठाऊक असायचं!

मग मी घरीच गेले. तात्या पडवीत, पट्टी बांधलेला पाय स्टुलावर. मी विचारलं, दुपारीच का जाता?

“गडी साडेबाराला जेवायला जातात. बाग रिकामी झाली की वानर उतरतात. त्यांना घड्याळ कळतं.”

दारात उभी सून म्हणाली, “हे मला कधी बोलला नाहीत!”

“विचारलंस कधी गो?”

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. सगळे ‘म्हातारपणीचा हट्ट’ म्हणून मोकळे झालो होतो.

पाण्याचं विचारलं तर म्हणाले, तहानच लागत नाही. ते खरंही असतं. वयाबरोबर तहान बोथट होते, घामही पूर्वीसारखा सुटत नाही. पण सून सरबत करायला आत गेली तेव्हा आवाज खाली आणून त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून लघवीला सारखं जावं लागतं. बागेत गडी असतात, आंबे निवडायला बायका असतात. म्हणून सकाळपासून पाणी बेतानेच. ही लाज मी कितीतरी घरांत पाहिली आहे, आणि घरच्यांना तिचा पत्ता नसतो. गोळीचं काय करायचं, दिवसाला पाणी किती, हे त्यांच्या डॉक्टरांवर सोडलं. तो माझा प्रांत नाही. शिवाय हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला ‘भरपूर पाणी प्या, मीठ-साखर घाला’ असं सरसकट सांगता येत नाही. आतून आलेल्या सरबतात मात्र कोकमाचं आगळ होतं, साखर नव्हती. सून हुशार आहे.

मुलाशी फोनवर बोलले तर तो म्हणे, “रत्नागिरीत ३५ अंश, त्यात काय एवढं, असं तात्याच म्हणतात.” इथेच आपण किनाऱ्यावरचे फसतो. घाम वाळला तर अंग थंड होतं. दमट हवेत तो नुसता ओघळतो. म्हणून तर हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं आणि किनारपट्टीवर ३७ पासून. त्यात मार्च-एप्रिलमध्ये खारं वारं उशिरा सुटलं की दुपार अंगावर येते.

पुढचं तात्यांनीच ठरवलं, मी फक्त ऐकत होते. गड्यांनी दोन पाळ्यांत जेवायचं, म्हणजे बाग रिकामी पडत नाही. स्वतः ते सकाळी साडेनऊपर्यंत आणि साडेचारनंतर. मधल्या वेळात पडवीत प्रतवारी, आढी लावणं, पेटी भरणं. ते काम त्यांच्याइतकं कुणाला जमतही नाही. बागेतल्या खोपीत माठ, खोपीमागे झावळ्यांचा आडोसा. त्या आडोशाचा उपयोग माझ्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा जास्त झाला असावा. आणि मुलाने फोन बायकोला नाही, थेट तात्यांना करायचा. याला तो सहजी तयार झाला नाही.

सुनेला आणि गड्यांना एक गोष्ट घोकून घेतली. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, अंग हाताला भाजतंय असं लागलं, तर ‘जरा पडू दे, बरं वाटेल’ म्हणून बसायचं नाही. १०८ ला फोन, सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. घाम आलाय म्हणजे ऊन लागलेलं नाही, असंही धरून चालायचं नाही.

मे महिन्यात तिचा फोन आला. तात्या एकदा दुपारी गेलेच. पण चपला घालून, टोपी घालून आणि पुढच्या दाराने. “वानर आलेत गो, जातो. अर्ध्या तासात आलो नाही तर गड्याला हाक मार.” तिने घड्याळ पाहिलं, एक वाजून दहा मिनिटं. पंचवीस मिनिटांनी ते परतले, पडवीत टेकले आणि आपणहून म्हणाले, “पाणी आण.”