मुलीला अ‍ॅनिरिडिया आहे, कॉम्प्युटर घेऊ द्यायचं का?

ताई, तुमची मुलगी दहावीला आहे, जन्मापासून अ‍ॅनिरिडिया हा डोळ्यांचा आजार, गणित आवडतं, कॉम्प्युटर करायचंय, आणि तिचे काका म्हणतायत स्क्रीनने उरलीसुरली नजर पण जाईल, आर्ट्स घेऊन बीएड कर. माझं मत विचारलंत तर तिला कॉम्प्युटर करू द्या.

स्क्रीनची भीती आधी काढून टाका. या आजारात बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जवळजवळ तयारच होत नाही, बहुतेकदा पॅक्स-सिक्स या जीनमधल्या बदलामुळे, मग आत येणारा उजेड अडवायला काही राहत नाही आणि उन्हात पोरीला डोळे उघडवत नाहीत. डोळ्यातल्या मागच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, मधला भागही बऱ्याचदा नीट वाढलेला नसतो, म्हणून चष्मा लावूनही फळा दिसत नाही. हे सगळं जन्मतःचं आहे, स्क्रीनने झालेलं नाही. उलट पांढऱ्या कागदापेक्षा स्क्रीन बरी, काळं बॅकग्राउंड ठेवा, अक्षर हवं तेवढं मोठं करा, ब्राइटनेस आपल्या हातात. डोळे कोरडे पडतात ते मात्र सांभाळायला हवं कारण या मुलांचा कॉर्निया, म्हणजे डोळ्यावरचा पुढचा पारदर्शक थर, नाजूक असतो, मधेमधे ब्रेक घेऊ दे, ड्रॉप्सचं डॉक्टरांना विचारा.

खरी काळजी काचबिंदूची करा, यात बहुतेकदा डोळ्यातलं प्रेशर वाढून नजर हळूहळू जाते. अ‍ॅनिरिडियात तो बऱ्याच जणांना होतो, लहान वयातही होतो, आणि बहुतेक वेळा दुखत नाही म्हणून घरात कोणाला कळत नाही. डोळ्याच्या प्रेशरची तपासणी कॉलेजच्या गडबडीत चुकवू नका. आणि म्हणूनच मी म्हणेन की आत्ता नजर आहे तोवरच एनव्हीडीए हा फुकटचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, शिकून घेऊ दे, माउस सोडून कीबोर्डवर काम करायची सवय लावू दे, म्हणजे पुढे नजर कमी झालीच तरी कोडिंग, डेटा, बँक यातलं काही सुटणार नाही. पायलट, मर्चंट नेव्ही, ड्रायव्हिंगची कामं तेवढी यादीतून काढा.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर या महिन्यातच अर्ज करा, बोर्डाच्या फॉर्मच्या वेळी धावपळ नको. 40% किंवा जास्त अपंगत्व निघालं तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजात 5% जागा राखीव, सरकारी नोकरीत 4%, त्यातला 1% अंध आणि अल्पदृष्टीवाल्यांसाठी. पेपरला तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, लेखनिकही घेता येतो.

शाळेत उद्याच सांगा, तिला पहिल्या बाकावर खिडकीकडे पाठ करून बसवा आणि फळ्याचा फोटो काढू द्या.