एकच आण, वाचलेली आण

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची बावीस कादंबऱ्यांची यादी मिळाली. सुट्टीसाठी पुण्याहून दापोलीला येताना यांतल्या कोणत्या आणू, असे तू विचारतेस. आणि अगदी शेवटी, जणू लपवून, लिहितेस की मैत्रिणीला मोठ्या हौसेने दिलेली नेमाड्यांची ‘कोसला’ तिने तीस पानांवर सोडून परत केली. तुझे खरे दुखणे तेच आहे. तरी यादीचे उत्तर आधी देतो: एकच आण, आणि जी एकदा वाचून झाली आहे तीच आण.

तुझ्या वयात मीही याद्या करीत असे. एका मे महिन्यात मी एकतीस कादंबऱ्या वाचल्या आणि त्यांची नावे तारखांसकट एका वहीत लिहिली. परवा आंब्याची साटे उन्हात घालून कावळे हाकायला बसलो असताना ती वही उघडली, तर एकोणीस नावांपुढे मला काहीही आठवेना. ना एखादा माणूस, ना एखादे घर.

त्याच वहीत ‘रथचक्र’ आहे. श्री. ना. पेंडशांच्या या 1962 सालच्या कादंबरीला 1963 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, म्हणून ती वाचलीच पाहिजे, अशा हिशेबाने मी ती दोन दुपारींत उरकली. मुलाच्या शिक्षणासाठी घरच्यांशी झगडणारी ती आई मला तेव्हा कशी वाटली, तेही नोंदवून ठेवले आहे: ‘नायिका हेकट.’ पुढे चाळिशीत, आई गेली त्या उन्हाळ्यात, पडवीत बसून तीच कादंबरी पुन्हा वाचली आणि माझ्या फीसाठी आईने गहाण टाकलेल्या पाटल्या आठवल्या. त्या पुढे कोणी सोडवल्या, की सोडवल्याच नाहीत, हे विचारायला ती उरली नव्हती. पहिल्या वाचनात मला एवढे जरी सुचले असते, तर विचारायला वीस वर्षे हाताशी होती.

म्हणून म्हणतो, दुसऱ्यांदा वाच. नवी पुस्तके कुठे पळून जात नाहीत.

आता मैत्रिणीविषयी. तू ‘कोसला’ स्वतः किती वेळा वाचलीस? एकदाच, आणि तीही वसतिगृहात, हसत हसत. तुझ्याच पत्रावरून ते दिसते. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या पुण्यातल्या गमती तू तिला रंगवून सांगितल्यास, पण त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची पाने ओलांडून पुन्हा त्या गमतींकडे परतले की त्या कशा दिसतात, हे तुलाच ठाऊक नव्हते. मग तिला काय सांगणार होतीस? तुझ्यावर रागावत नाही. पण एका वाचनाच्या जोरावर पुस्तक कोणाच्या हातात कोंबू नये, हे मी वर्गातही किती वेळा सांगितले होते! दुसऱ्यांदा वाच, मग तिच्याशेजारी बसून तुझी दहा पाने मोठ्याने वाचून दाखव. तरीही तिला नाही आवडली, तर तो तिचा अधिकार आहे.

मी पुस्तके उसनी देत नाही, यावरून गावात मला चिक्कू म्हणतात, हे तुझ्याही कानावर असेल. पेंडशांचीच ‘तुंबाडचे खोत’ 1987 साली आली तेव्हा दोन्ही खंड मी पगारातून घेतले. जगबुडी नदीच्या काठावरच्या एका घराण्याच्या पिढ्यांची ती कथा आपल्याच मुलुखातली, म्हणून न वाचणाऱ्यांनाही आग्रह करीत सुटलो. पहिला खंड एकाने नेला, तो आजतागायत आला नाही. दुसरा एकटाच फडताळात उभा आहे. माणसाचा मला राग नाही (थोडा आहे). पण मी स्वतः तो खंड तेव्हा एकदाच वाचला होता, त्यामुळे काय गेले हे सांगतासुद्धा येत नाही. माझा हट्ट तिथून आला आहे. त्याला चिक्कूपणा म्हणणाऱ्यांनी म्हणावे.

तुझ्या यादीत तो पहिला खंड नवव्या क्रमांकावर आहे आणि पुढे ‘वाचली, छान’ असा शेरा आहे. तोच आण. दुपारी तू ओटीवर वाच, संध्याकाळी वीज गेली की मला सांग. तुझा खंड संपला की फडताळातला दुसरा काढू. मात्र तो इथेच बसून वाचायचा, घरी न्यायचा नाही. अंगणभर आमसुले वाळत घातली आहेत, तेव्हा विहिरीच्या बाजूने ये.

तुझा,
गुरुजी