कॅमेऱ्यावर बसवलेल्या बिनतारी ट्रिगरचे टेस्टचे बटण दाबल्यावर स्टुडिओ लाइट चमकतो, पण मिररलेस कॅमेऱ्याचे शटर दाबल्यावर चमकत नाही. ट्रिगर बिघडला असेल का?

ट्रिगर बहुधा बिघडलेला नाही. इतक्यात नवा घेऊ नका. टेस्टच्या बटणावर लाइट चमकतो, म्हणजे ट्रिगरमधील सेल, चॅनेल, ग्रुप आणि लाइटमधील रिसीव्हर हे सारे ठीक आहे. दोष बहुधा हॉट शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावर ट्रिगर बसवायच्या खाचेत, किंवा कॅमेऱ्याच्या मेनूत आहे, आणि मी पैज मेनूवर लावीन.

खानदेशात अमळनेरला आमच्या कानबाई देवीच्या उत्सवाच्या वेळी माझ्यावर हाच प्रसंग आला होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी सकाळी विसर्जन होते. त्यापूर्वी सुरत, नाशिक, पुणे येथून आलेल्या साऱ्या भाऊबंदांचा एकत्र फोटो काढायचा, असा आमच्या घरचा रिवाज आहे. रात्री गाण्यांच्या मध्ये शटरचा आवाज येऊ नये म्हणून मी कॅमेरा सायलेंटवर ठेवला होता. सकाळी अंगणात दोन लाइट छत्र्या लावून उभे केले, टेस्ट केली, दोन्ही चमकले. मग चाळीसएक माणसे ओळीने उभी राहिली, मी शटर दाबले आणि एकही लाइट चमकला नाही. मी सेल बदलले, चॅनेल बदलले, ट्रिगर काढून पुन्हा बसवला. आमचे थोरले काका, ज्यांना आम्ही आबा म्हणतो आणि ज्यांनी फिल्मच्या काळापासून स्टुडिओ चालवला, ते सर्वांसमोर म्हणाले, "तुना कॅमेरा खेळनं शे," आणि आतून कॅमेरा आणि लाइट जोडणारी आपली सिंक वायर घेऊन आले. माझ्या बॉडीला ती वायर जोडण्याचे सॉकेटच नव्हते. विसर्जनाची वेळ झाली होती, म्हणून फोटो आहे त्या उजेडात काढला आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बायकांचे चेहरे काळवंडले. तो फोटो आबांच्या बैठकीत टांगलेला आहे, आणि बिनतारी ट्रिगर ऐन वेळी दगा देतो याचा पुरावा म्हणून ते तो आल्यागेल्याला दाखवतात.

हे त्यांचे म्हणणे चूक आहे. सायलेंट शटर म्हणजे पडदा न हलवता चालणारे इलेक्ट्रॉनिक शटर; त्यात प्रकाश टिपणारा सेन्सर एका क्षणात वाचला जात नाही. तो ओळीमागून ओळ वाचला जातो आणि अनेक कॅमेऱ्यांत त्याला सेकंदाचा विसावा-तिसावा भाग लागतो. स्टुडिओ लाइटची चमक त्याच्या कितीतरी आत संपते, त्यामुळे ती फोटोच्या एका पट्ट्यातच उमटेल. म्हणून बहुतेक कॅमेरे या शटरवर फ्लॅशला इशाराच देत नाहीत. इशाराच निघत नसेल तर तो वायरीनेही पोहोचणार नाही. त्या सकाळी सॉकेट असते तरी आबांच्या वायरीने लाइट चमकला नसता.

तेव्हा आधी मेनूत सायलेंट बंद करून मेकॅनिकल, म्हणजे खरा पडदा हलवणारे, शटर निवडा. तरीही लाइट चमकला नाही, तर कॅमेऱ्यात फ्लॅश बंद केलेला नाही ना आणि एचडीआरसारखा मोड चालू नाही ना, हे पाहा. मग ट्रिगर शूमध्ये शेवटपर्यंत सरकवून घट्ट करा, शूचे संपर्कबिंदू कोरड्या कापडाने पुसा, आणि ट्रिगर आपल्याच कंपनीच्या कॅमेऱ्यासाठीचा आहे याची खात्री करा.

मेकॅनिकल शटर प्रत्येक कॅमेऱ्यात असते असे मात्र नाही. निकॉन झेड ९ मध्ये ते नाही, पण त्याचा सेन्सर इतक्या वेगाने वाचला जातो की फ्लॅश चालतो. इतर काही कॅमेऱ्यांतही ते नाही आणि त्यांवर फ्लॅश चालतच नाही. आपला कॅमेरा असा असेल तर कोणताही ट्रिगर उपयोगाचा नाही. लाइट चमकू लागल्यावर शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या पुढे नेऊन फोटोत काळा पट्टा आला, तर तो दोष वेगळा आहे. वेग १/१६० वर आणा.

आणि कोणी जुन्या लाइटची वायर थेट कॅमेऱ्याला जोडायला सांगितले तर जोडू नका. काही जुन्या लाइटांच्या सिंक वायरीवर शंभर व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि त्याने आजच्या कॅमेऱ्याचे सर्किट जळू शकते. बिनतारी ट्रिगर असला की तो दाब कॅमेऱ्यापर्यंत येतच नाही. आबांना मी हे दोनदा समजावून सांगितले आहे, आणि येत्या कानबाईला त्याच अंगणात मेकॅनिकल शटरवर लाइट लावून दाखवणार आहे.