वाचकांचे प्रश्न : बाथरूममधल्या कपाटाला लाकडी पट्टी

प्रश्न : नमस्कार काका. गुहागरचं आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा सागाच्या आणि फणसाच्या काही फळ्या मी ठेवून घेतल्या होत्या. आता डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये बेसिनच्या बाजूला भिंतीत प्लायचं कपाट बसवलंय, दारं चौकटीच्या आत बसणारी आहेत, पण प्लाय आणि टाइलच्या मधे चारी बाजूंनी फट दिसते, कुठे पाव इंच कुठे त्याहून जास्त. त्यावर त्या जुन्या लाकडाची पट्टी लावायची फार इच्छा आहे. सुतार म्हणतो बाथरूममधे लाकूड टिकत नाही, पीव्हीसी लावा. टाइलला भोकं पाडायची नाहीत. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लावा, नक्की लावा. साग आणि फणस ही कोकणच्या पावसात वर्षानुवर्षं उभी राहिलेली लाकडं आहेत, बाथरूमच्या दमटपणाला ती घाबरत नाहीत. सुताराचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण लाकूड खराब होतं ते बहुतेक वेळा मागच्या बाजूने आणि कापलेल्या टोकांतून पाणी पिऊन, कारण पुढून पॉलिश चकचकीत असतं आणि मागे काहीच लावलेलं नसतं. म्हणून पट्टी सगळ्या बाजूंनी बंद करायची आणि पुन्हा काढता येईल अशी लावायची, एवढं पाळलंत की बाकीचं सोपं आहे.

आधी प्लाय बघा. खालच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबा, मऊ लागलं किंवा थर सुटलेले दिसले तर आधी ते बदलून घ्या, सडलेल्या प्लायवर स्क्रू धरतच नाही.

फळ्यांवरून लोहचुंबक फिरवा, जुन्या खिळ्यांचे तुकडे आत असतात आणि रंध्याचं पातं एका झटक्यात जातं. फळीवर जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका, आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम लागू झाला तो नोव्हेंबर 2017 पासून, त्याआधीच्या रंगात ते बरंच जास्त असू शकतं. मास्क लावून, ओलं करून, मुलांना लांब ठेवून काढा. मग दीड इंच रुंद आणि 10-12 मिमी जाड पट्ट्या काढून घ्या, गाठी टाळा. फणस रंधा मारल्यावर आतून पिवळसर निघेल, बिचकू नका, उजेडाने तो हळूहळू गडद होत जातो आणि मला तर तो सागापेक्षाही देखणा वाटतो.

कोपऱ्यांना 45 अंशांचा कट मारायचा मोह होतो, फोटोफ्रेमसारखा. बाथरूममधे नको. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे तो जोड पावसाळ्यात बाहेरच्या टोकाला उघडतो. त्यापेक्षा सरळ जोड करा, वरची आडवी पट्टी पूर्ण लांबीची, दोन्ही उभ्या तिच्याखाली, आणि खालची आडवी त्या दोघींच्या मधे, म्हणजे उभ्या पट्ट्यांची वरची टोकं झाकली जातात आणि खालच्या टोकांशी पाणी साठत नाही. खालच्या पट्टीच्या वरच्या कडेला पुढे किंचित उतार द्या. चारही मापं वेगवेगळी घ्या, समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील असं धरून कापू नका.

पट्टीला स्क्रूची भोकं पाडून, कापून, घासून झालं की मगच पॉलिश, आणि तेही लावायच्या आधी. स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं, ते इथे नकोच. पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, तीन हात द्या, मधे 320 चा काचपेपर, मागची बाजू आणि भोकांच्या आतही, टोकांना एक-दोन हात जास्त कारण ती पॉलिश पितात.

लावायला फेविकॉल नको, लोखंडी खिळे तर अजिबात नकोत, सागावर गंजाचे काळे डाग पडतात ते जात नाहीत. पितळी स्क्रू घ्या, डोकं दिसू दे, जुन्या लाकडावर पितळ शोभतं. स्क्रू जायचा तो प्लायच्या कडेत, टाइलमधे नाही, म्हणून भोकाची जागा प्लायच्या जाडीच्या बरोब्बर मधे आखा. प्लायची कड फाटू नये म्हणून तिथेही बारीक भोक आधी पाडा, आणि पितळ मऊ असतं, जोर लावला की डोकं तुटून येतं, तेव्हा त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू आधी आत फिरवून बाहेर काढा आणि मग पितळी लावा. प्लाय टाइलपेक्षा आत दबलेला असेल तर मागे पातळ चिपटी द्या.

शेवटी टाइल आणि पट्टीच्या सांध्यात सिलिकॉन, बुरशी न धरणारं, वर आणि दोन्ही बाजूंना. खाली मोकळं सोडा. चुकून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर येऊ दे. आणि आजूबाजूला मार्बल किंवा कडप्पा असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, दगडावर डाग पडू शकतो, दुकानात न्यूट्रल मागा. 24 तास पाणी लावू नका. पुढे पॉलिश उतरलं की सिलिकॉन ब्लेडने कापायचं, स्क्रू काढायचे, पट्टी बाहेर घेऊन परत हात द्यायचा.

प्रश्न : बेसिनखालच्या कॅबिनेटला एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) नक्षीची पट्टी आहे, ती जमिनीलगत फुगलीये. वाळवून घासली तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो, फुगलेला एमडीएफ वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही, घासलात तर भुसा निघत राहील. आपल्याकडे बादलीने आंघोळ, फरशी रोज ओली, तिथे जमिनीला टेकलेली एमडीएफ पट्टी टिकणं अवघडच. फुगलेला भाग आणि वर दोन बोटं चांगला भाग सरळ कापून टाका, वरच्या कापलेल्या कडेला पीयू भरपूर पाजा, आणि खाली ग्रॅनाइटची चार इंची पट्टी बसवून घ्या. फरशीवाल्याकडे तुकड्यांत ती स्वस्तात मिळते, कॅबिनेटच्या रंगाची नाही मिळाली तर काळी घ्या.